प्याले

आमच्या देवळात सकाळी आठला मराठी उपासना,
साडेदहाला तमिळ.
मधल्या वेळात पंखे थंड होतात
आणि आम्ही गरम.
फुलांचे पैसे कुणी द्यायचे,
पेटीला कुलूप कुणी घातलं,
गीतांच्या पुस्तकांवर कुणाच्या पोरानं डबा ठेवला.

तेवीस वर्षं मी पंचकमिटीचा चिटणीस.
त्याआधी गोदीत टॅली क्लार्क:
जहाजातून उतरणारी पोती मोजायचो.
एक पोतं कधी चुकलं नाही,
हे मी पाळकसाहेबांना वर्षातून दोनदा तरी ऐकवतो.

प्रभुभोजनाचे प्याले आमचे साठ,
काचेचे, अंगठ्याएवढे.
त्यांचेही साठ, त्याच दुकानातले, त्याच साच्यातले.
म्हणून मीच ठराव मांडला:
आमच्या प्याल्यांच्या बुडाला
लाल नेलपॉलिशचा ठिपका.
ठराव एकमताने मंजूर.
'एकमताने' हा शब्द वहीत
मी दोनदा गिरवला होता.

त्या रविवारी पाठ मी वाचला,
स्वतःला रिकामं करणाऱ्याचा पाठ.
आवाज छान लागला होता,
थोबडेबाई नंतर म्हणाल्यासुद्धा.
माझगावला घरी पोचलो, ताटावर बसलो,
तर चष्मा देवळातच.
परत आलो तेव्हा तमिळ मंडळीही पांगलेली,
मागच्या मोरीत नळ वाजत होता.

तबीथाबाई पारधे.
तिला पगार आमच्याकडून, तोही झाडण्याचा.
पातळ खोचलेलं, परातीत कोमट पाणी,
आणि पाण्यात सगळे.
एकशेवीस.

"हे काय," मी म्हणालो, "त्यांचे पण?"
"तीनला पाणी जातं," ती म्हणाली.
एवढंच उत्तर.

"आणि ठिपका?"
"तो होय." एक प्याला तिनं उजेडाकडे धरला.
"तो पहिल्या नाताळालाच गेला की.
मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

नऊ वर्षं.
नऊ वर्षं वार्षिक सभेत उभा राहून मी वाचत आलो:
प्याले साठ, खूण केलेले, सुस्थितीत.
नऊ वर्षं ज्ञानमुथ्थूच्या ओठांची काच
माझ्या ओठांना लागत होती,
आणि माझी, त्याच्या म्हाताऱ्या आईला.

सांगितलं का नाहीस, हे मी विचारलं नाही.
ती म्हणाली असती, विचारलंत का कधी?

ती सरकली नाही. फडकं मात्र
कट्ट्यावर होतं, माझ्या बाजूला.
मी पँट दुमडली. खाली बसायला
खिडकीचा गज धरावा लागला,
गुडघा कटकन वाजला.

बोट आत जात नाही, हे तिथे कळलं.
फडक्याचं टोक पिळून घालायचं,
फिरवायचं, काढायचं,
उजेडाकडे धरायचं.
तळाशी जरासं लाल राहतंच,
आणि ते नेलपॉलिश नसतं.

सातवा की आठवा हातातून निसटला.
फरशीवर इतकासा आवाज.
आणि तोंडून गेलंच माझ्या:
"कुणाचा फुटला?"

तबीथाबाई हसली.
इतकी वर्षं तिचं हसू मी ऐकलंच नव्हतं.
मग मलाही आवरेना,
आणि दारात ज्ञानमुथ्थू, पेटीच्या किल्ल्या हातात,
मोरीतल्या आम्हा दोघांकडे बघत.
त्या कुलपाबद्दल मला त्याच्याशी बोलायचं होतं.
अजूनही बोलायचंच आहे.

त्यानं चपला बाहेर काढल्या.
काचा आधी त्यानंच वेचल्या, एकेक, हातरुमालात.
मग म्हणाला, "सरका."

मी सरकलो.
मोरी तिघांची नव्हतीच.
कोपराला कोपर लागत होतं, कुणाचं तरी
ओलं गार पाणी माझ्या बाहीत उतरत होतं.
तीन वाजायला वीस मिनिटं.

वहीत अजून नोंद करायची राहिली आहे.
एकशे एकोणीस, एवढं सरळ आहे.
पुढचा रकाना, 'कुणाचे',
त्याच्यापाशी पेन अडून आहे.